मोंबासाकाकी आणि बर्फातले बांगडे

सुलू गेली हे मला माझ्या मुलाने, दिगूने, मालवणच्या दवाखान्यातून येऊन सांगितले. सुलू कोण होती हे मात्र मला पुढच्या आठवड्यात तुमच्या पेपरातून कळले. वर मोठ्या अक्षरांत 'पर्यटनाची माऊली हरपली', आणि खाली आमच्या किनाऱ्यावरच्या लॉजच्या मालकाचे बोल, की काकींचे मार्गदर्शन आम्हाला सदैव लाभले, त्यांचे स्वप्न आम्ही पूर्ण करू. दिगू मला ते वाचून दाखवत होता. मालकाचे नाव आले तसे मी त्याला म्हटले, "पुरे. घडी घाल तेची." त्याने मुकाट्याने पेपर मिटला, कारण मला राग कशाचा आला ते त्याला ठाऊक होते. सुलूने त्या माणसाला मार्गदर्शन केले हे खरे नाही. तिने त्याला शिव्या दिल्या, त्याही त्याच्या लॉजसमोर वाळूत बसून, साऱ्या वाडीला ऐकू जातील अशा. म्हणून मी हे लिहिते आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण जे डोळ्यांनी बघितले ते लिहायला तेवढे पुरते.

सुलू माझी नणंद, माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेली ती तिथेच राहिली. नवरा रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता. मूल झाले नाही. तो वारला आणि ती परत आली, आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास. दोन पत्र्याच्या पेट्या, एक लाकडी खुर्ची आणि फटकळ जीभ एवढे तिने बरोबर आणले. बंदरावरच्या बायकांनी तिचे नाव 'मोंबासाकाकी' ठेवले. मला विचाराल तर नणंद म्हातारपणी माहेरी परत आली याचा मला आनंद झाला नव्हता. घरात आम्हीच पुष्कळ होतो. तिला आम्ही पडवीच्या टोकाची खोली दिली, तीसुद्धा मी जाळी आणि कणगी बाहेर काढून. पहिल्याच दिवशी तिने माझ्या आमटीत कोकम कमी आहे म्हणून सांगितले. मी म्हटले, "मोंबासाक कोकमा पिकतत वाटता." ती म्हणाली, "पिकनत नाय म्हणानच तीस वर्सां वाट बघत होतंय गो वयनी." आमची गाडी तेव्हापासून अशीच चालली, कधी पटले, कधी नाही.

त्या दिवसांत आमच्या खालच्या वाडीत बाहेरची माणसे नुकती यायला लागली होती. किल्ला बघायला मालवणात यायची, आणि कोणीतरी सांगितले म्हणून आमच्या किनाऱ्यावर. आमच्याकडची रीत अशी की दारात परका माणूस आला तर आधी गूळपाणी, जेवणाची वेळ असली तर ताट. त्याचे पैसे विचारायचे नाहीत. विचारले तर ते घर खालच्या पायरीचे. या रीतीचा आम्हाला फार अभिमान. मग पुण्याकडची एक बस आली. बाप्ये, बायका, पोरे, सगळे. त्यांनी तांदूळ, तेल, बटाटे, स्टो, सगळे बरोबर आणलेले. आमच्या माडांखाली स्वयंपाक केला, आमच्या विहिरीच्या कठड्यावर खरकटी भांडी घासली, आणि आम्ही रापण ओढत होतो त्याचे फोटो काढले. रापण म्हणजे होडीने समुद्रात लांबवर गोल टाकून आणलेले मोठे जाळे. त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाडीतली माणसे किनाऱ्यावरून ओढतात, बाप्ये आणि बायकाही. दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा, मग ती विधवा असो की पांगळा. आमची भिजलेली लुगडी अंगाला चिकटलेली, आणि हे समोर उभे राहून कॅमेरा डोळ्याला लावतात. जाताना त्यांच्यातल्या एका साहेबाने बांगड्यांचे कौतुक केले, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्याची पिशवी भरून दिली. साहेब 'वा, कोकणी माणूस' म्हणाला आणि बस गेली. माडांखाली राहिल्या पत्रावळी आणि फुटक्या बाटल्या.

सुलू हे सारे पायरीवर बसून बघत होती. रात्रीच्या जेवणाला तिने भावाला धरले. म्हणाली, "दादा, रापणीच्या दोरयेक हात लावता तेकाच वाटो ना? त्या सायबान बोट तरी लावल्यान? मगे तेच्या पिशयेत आमचे बांगडे कशे गेले?"

"मी दिलंय. माज्या हातान दिलंय."

"दिलंस खरो. आणि तुज्या बायलेन आज पेजेक मीठ लावन खाल्ल्यान."

हे खरे होते, पण मला मध्ये ओढल्याचा मला राग आला. नवरा तर ताटावरून उठलाच. "आमच्या बापाशीन दारार इल्ल्या माणसाकडसून कधी पैसो घेतल्यान नाय. तू हय खानावळ घालूक इलंस काय?" सुलू म्हणाली, "दारार येता तो पावणो. बस भरान येतत ते पावणे न्हय." त्यावर बरेच दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही.

मग एकदा आम्ही दोघी खोबरे किसत बसलो असताना तिने मला तिथली हकीकत सांगितली. मोंबासाच्या बाहेर समुद्राकाठी एक कोळ्यांचे गाव होते. रेल्वेतली आपली माणसे रविवारी तिथे सहलीला जायची. डब्यात पुऱ्या, लोणचे, शंकरपाळे, बाटलीत पाणी, अगदी बसायची सतरंजी घरून. दिवसभर त्यांच्या वाळूत लोळायचे, त्यांची पोरे आसपास जमली की हाकलायची, आणि संध्याकाळी घरी. त्या काळ्या माणसांकडचे पाणीदेखील घ्यायचे नाही. सुलूही त्यातलीच. ते सांगताना ती खोबरे किसायची थांबली होती... मग एकदा त्या गावातली एक म्हातारी, तिला सगळे बिबी म्हणायचे, यांच्या सतरंजीजवळ येऊन उभी राहिली आणि तिने सुलूला विचारले, "तुम्ही खाणे तुमचे आणता, पाणी तुमचे आणता, बसता तुमच्याच कापडावर. मग आमच्या गावात कशाला येता? समुद्र तर तुमच्या देशातही आहे ना?" बाकीच्या बायका हसल्या आणि सरकून बसल्या. पुढच्या रविवारी सुलू आणि तिचा नवरा डबा न घेता गेली आणि बिबीच्या दारात जाऊन म्हणाली, आम्हाला जेवायला घाल. बिबीने आधी किंमत सांगितली, मग चूल पेटवली. नारळाच्या दुधातला भात आणि नारळातलेच मासे. सुलू म्हणायची, डोळे मिटले असते तर मी मालवणात होते.

त्यानंतर रेल्वेतली आणखी बिऱ्हाडे तशी जायला लागली. बिबीने ती एकटीकडे ठेवली नाहीत. या रविवारी या घरी, पुढच्या रविवारी त्या घरी. पाहुण्याने जे शिजेल ते खायचे, आपले पाणी आपण विहिरीतून काढायचे, आणि विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढायचा नाही. मी सुलूला विचारले, "तिका लाज नाय वाटली, जेवणाचे पैशे मागूक?" सुलू म्हणाली, "माका तर फुकट खाल्लेल्याची लाज वाटाक होयी होती. तिका कित्याक?" मला ते पटलेच होते असेही नाही. पण विहिरीच्या कठड्यावरचे ते बटाट्याचे साल मी स्वतः काढले होते.

माझ्या नवऱ्याला शेवटी पटले ते रापणीमुळेच. सुलूने त्याला सांगितले, पैसे राहू देत, येणाऱ्याला दोरी ओढायला लाव. ओढली तर वाटा दे, नाही ओढली तर त्याला मासळी नाही, मग त्याने घरात मोल देऊन जेवावे. हे त्याला न्यायाचे वाटले. पुढच्या खेपेला कोल्हापूरचे एक बँकेतले साहेब आले, चांगले जाडजूड, त्यांनी हौसेने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दोरी धरली. लाट मागे गेली तशी दोरी समुद्राकडे ताणली, साहेब वाळूत बसले आणि तसेच बसल्या बसल्या पाण्याकडे घसरत चालले. बायका हसून हसून दोरी सोडायच्या बेतात. आमची शेजारीण ओरडली, "साहेबानू, दोरी ओढतत, दोरयेक लोंबाकळनत नाय!" साहेबांनाही हसू आवरेना. पण त्यांनी सोडली नाही, शेवटपर्यंत ओढली. वाटा म्हणून त्यांच्या टोपीत तारले मासे घातले तेव्हा ते इतके खूश झाले की ती टोपी दोन्ही हातांत धरून आमच्या घरापर्यंत आले, मी तारले भाजले, आणि ते जेवले. जेवण झाल्यावर त्यांनीच विचारले काय द्यायचे. माझा नवरा आत निघून गेला. सुलूने सांगितले.

अशी ती रीत बसली. आठ-दहा घरे तयार झाली. पाहुणे आले की सुलू सांगायची आज कोणाकडे, उद्या कोणाकडे, आणि तिच्यापुढे कोणाची वशिलेबाजी चालत नसे, माझीही नाही. एकदा सलग दोनदा पाहुणे शेजारणीकडे गेले म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाली, "तिचो घोव आजारी आसा. तुझो धडधाकट आसा. गप ऱ्हव." पाहुण्यांशी मात्र ती शुद्ध मराठीत बोलायची, आणि तिच्या शुद्ध मराठीलाही धार होती. एका मुंबईच्या बाईंनी विचारले, "काकी, इथे कमोड नाही का हो?" सुलू म्हणाली, "नाही. आणि तुमच्या घरी समुद्र नाही. दोन दिवस दोघी चालवून घेऊ." एक तरुण मुलगा जाळे शिवणाऱ्या म्हाताऱ्याचे फोटो काढत होता. तिने त्याच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. "आधी त्यांचे नाव विचार. मग तुझे सांग. मग ते हो म्हणाले तर काढ." तो रागावला, पण त्याने विचारले. संध्याकाळी तो त्याच म्हाताऱ्याजवळ बसून गाठ मारायला शिकत होता. मी त्याला चहा दिला. चहाचे पैसे घेतले नाहीत. ते सुलूलाही सांगितले नाही.

ही चांगली वर्षे फार नव्हती. समुद्रात ट्रॉलर आले आणि रापणीत मासळीच्या ऐवजी चिखल आणि कचरा यायला लागला. माझा नवरा वारला. दिगू रापणीचा मुख्य झाला. त्याच वेळी घाटावरून एक शेठ आला आणि किनाऱ्याला लागून असलेली जमीन त्याने विकत घेतली. कोणी विकली? आमच्याच चुलत दिराने, बाबलने. ज्याच्या घरी सुलूने सगळ्यांत जास्त पाहुणे पाठवले होते त्याने. शेठने लॉज बांधला, कुंपण घातले, आणि मालवणच्या एसटी स्टँडवर आणि आमच्या बंदरावर यष्टी थांबते तिथे जीप उभी करायला सुरुवात केली. यष्टीतून उतरणाऱ्या माणसाला ड्रायव्हर सांगायचा, वाडीतले पाणी बाधते, घरांत ढेकूण आहेत, आमच्याकडे या. घरांकडे येणारी माणसे थांबली. सुलू रोज बंदरावर जाऊन बसायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. मी म्हटले, "सोड गो आता, आमी जेवण विकल्याबिगर मेलो नाय." ती माझ्यावरच उसळली. "तुका अजून ता विकणाच वाटता? मगे तो शेठ काय करता, अन्नछत्र घालता?"

पण खरी नाचक्की त्यापुढे झाली. शेठने दिगूला बोलावले आणि सांगितले, रोज सकाळी दहाला माझ्या लॉजपुढे रापण ओढा. मासळी मिळो न मिळो, ओढणाऱ्याला रोजचे पैसे. बायकांना त्याने लाल-हिरवी, काठाची लुगडी वाटली, कासोटा घालूनच यायचे, आम्ही रोज नेसतो ती पातळे चालायची नाहीत. जाळे किनाऱ्यापासून चार हातांवर टाकायचे. आणि पाहुण्यांना मजा यावी म्हणून त्यात मालवणच्या बाजारातून आणलेले मासे आधीच घालून ठेवायचे. वाडीने हे कबूल केले. माझ्या मुलाने कबूल केले. ज्या रापणीत दर्यात जे असेल ते, आणि ओढेल त्याला, एवढाच कायदा होता, त्या रापणीत विकत आणलेले बांगडे सोडायचे आणि ते सापडले म्हणून ओरडायचे! मी गेले नाही. माझ्या सुना गेल्या. मी त्यांना दोष देत नाही, चुलीवर काहीतरी ठेवायला लागतेच. पण मला दुपारी त्यांच्याकडे बघवत नसे.

यावरून सुलू आणि दिगू यांचे झालेले भांडण मी ओटीवर बसून ऐकले.

"आत्ये, समुद्रात मासो नाय. ट्रॉलरवाले सगळा खरवडून नेतत. हय रोज हातार पैशे पडतत. तू देतलंस?"

"मी खंयसून देतलंय? तुझा होता ता तुझ्याकडेच होता. ता तू इकलंस."

"काय इकलंय? जाळा माझा, होडी माझी."

"आणि ओढूची वेळ कोणाची? शेठाची. लुगडा कोणाचा? शेठाचा. बांगडो कोणाचो? बाजारातलो. मगे तुझा काय रवला रे, नुसतो घाम?"

मग तिने त्याला बिबीच्या गावचे सांगितले. तिथेही मोठे हॉटेल झाले होते. गावातल्या बायकांचा एक नाच होता, लग्नात नाचायचा, एरवी नाही. हॉटेलवाल्यांनी त्यांना रोज संध्याकाळी गोऱ्या पाहुण्यांपुढे तो नाचायला बोलावले. पैसे चांगले होते, बायका गेल्या. बिबी गेली नाही. आणि मग गावात खरे लग्न निघाले तेव्हा नाचायला कोणी उठेना. सगळ्या म्हणाल्या, आज एक दिवस तरी बसू दे. दिगूने ते ऐकून घेतले आणि म्हणाला, "आत्ये, ती आफ्रिका." सुलू म्हणाली, "होय. थंयच्या बायकांका नंतर तरी कळला. तुका कदी कळतला?"

ती गप्प बसणारी नव्हती. एका सकाळी दहाला लॉजसमोर रापण लागली आणि सुलू तिथे गेली. मीही तिच्या मागे गेले, ती काय करील याची मला भीती होती. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, काहींच्या हातांत शहाळी. जाळे वर आले, बायका ठरल्याप्रमाणे ओरडल्या, पाहुणे धावले. त्यांच्यातल्या एका लहान मुलीने जाळ्यातला बांगडा उचलला आणि आईला म्हणाली, "आई, हा मासा थंडगार आहे." सुलू मोठ्याने म्हणाली, "थंडच असणार. बर्फातून पोहत आला तो." मग ती सरळ चालत गेली आणि दोरीवर बसली, वाळूत, पाय पसरून. "बघा," ती पाहुण्यांना म्हणाली, "आता यांना विचारा, जाळ्यात मासे कोणी घातले. माझ्या भाच्याला विचारा, तो खोटे बोलणार नाही." दिगूने मान खाली घातली. शेठ फाटकातून आला, हसत हसत, काकी, ऊन लागेल, आत चला, असे म्हणत. तेव्हा सुलूने त्याला जे सांगितले ते इथे लिहिता येणार नाही, पण शेवट 'शिरा पडो तुज्या तोंडार' असा होता. शेठला मालवणी कळत नव्हती, पण त्याने हसायचे थांबवले. पाहुण्यांतले काही हसले. एकाने फोटो काढला. त्याने तिचे नाव विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी रापण पुन्हा दहाला लागली. फक्त बर्फाचे मासे थोडे आधी आणून उन्हात ठेवायला लागले, एवढाच फरक पडला. मला सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा... की एवढे होऊनही वाडीला त्यातून कळले ते मासे गरम कसे करायचे हे.

तिचे पाय तेव्हाच सुजायला लागले होते. डॉक्टरकडे चल म्हटले तर पावसाळ्यानंतर म्हणायची. पावसाळ्यानंतर तिला दोन पावले टाकली की धाप लागायची, तरी तशीच बंदरावर जाऊन बसायची. मी तिला दहा वेळा बोलले असेन. ऐकले असते तर आज असती. तिच्या मरणाला शेठ जबाबदार आहे असे मी म्हणणार नाही, तिचा हट्ट जबाबदार आहे. दवाखान्यात मी शेवटची गेले तेव्हा ती उशीला टेकून बसलेली होती. मी पेज नेली होती, ती तिने बाजूला ठेवली.

"वयनी, माझी खोली कोणाक देतलंस?"

"तू परत येतलंस ना घराक."

"खुळ्यासारखा बोलू नको. दिगू म्हणा होतो, शेठाच्या आचाऱ्याक ऱ्हवाक खोली होयी. भाडा देता म्हणान."

मला हे माहीत नव्हते. मी पेज परत तिच्यापुढे सरकवली. "पेज खा," म्हटले. तिने दोन घोट घेतले, मीठ कमी आहे म्हणाली, आणि डोळे मिटून पडली. आमचे शेवटचे बोलणे एवढेच. त्यात मोठे काही नाही. लोकांना वाटते मरणाऱ्या माणसाने काहीतरी शहाणपणाचे बोलावे. ती मिठाचे बोलली, आणि ते बरोबर होते, मी घाईत घालायला विसरले होते.

शोकसभा लॉजच्या जेवणघरात ठेवली होती. देवळात का नाही, असे मी विचारले, तर तिथे पंखे नाहीत असे सांगण्यात आले. आत गेले आणि समोर भिंतीवर सुलू. दोरीवर बसलेली, पाय पसरलेले, तोंड उघडे, एक हात वर. तो त्या पाहुण्याने काढलेला फोटो. शेठने त्याच्याकडून मागवून, मोठा करून, चौकटीत घालून लावला होता, सहा महिने तो तिथेच होता म्हणे, लोक त्याच्याखाली बसून सोलकढी पीत होते. खाली अक्षरे, 'कोकणी लोकजीवन'. शोकसभेसाठी त्याला हार घातलेला. एकामागून एक माणसे उठून बोलली. सरपंच बोलले, मालवणचे कोणी वकील बोलले, त्यांनी तिला बघितलेलेही नव्हते. बाबलही बोलला आणि रडला. शेवटी शेठ उठला, काकींचे स्वप्न आणि काकींचा आशीर्वाद. मग मी उभी राहिले. मी सभेत कधी बोललेली नाही. मी एवढेच म्हटले, "त्या फोटोत ती कोणावर ओरडते आहे, ते एकाने तरी सांगा." बटाटेवडे तयार आहेत असे आतून सांगायला आले. मी शेठला फोटो उतरवून द्यायला सांगितले. तो म्हणाला, "आजी, तो आता हॉटेलचा आहे." बाकड्यावर चढून मला फोटोपर्यंत पोचता येईना, पण हार हाताला आला. तो मी काढून घरी आणला. आमच्या गाईने तो खाल्ला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दिगूला सांगितले की आत्याच्या खोलीत आचारी येणार नाही. तो म्हणाला, "आये, रिकामी ठेवन काय करतलंस? फोटो लावन उदबत्ती लावतलंस?" मी म्हटले, "उदबत्ती तुझ्या शेठान लावल्यान ती पुरे." खोली मी तिच्या आठवणीसाठी जशीच्या तशी ठेवलेली नाही. तिच्या पेट्या मी माळ्यावर टाकल्या, लुगडी वाटून टाकली, खुर्चीचा मोडका पाय सुताराकडून बसवून घेतला. शेणाने सारवले, चुना लावला. आणि बंदरावर जाऊन बसले. तिच्यासारखे दिवसभर बसणे मला जमत नाही, माझी कंबर धरते, मी संध्याकाळची यष्टी येते तेवढ्यापुरती जाते. बरेच दिवस कोणी आले नाही. मागच्या आठवड्यात सांगलीकडची नवराबायको उतरली, शाळामास्तर आहेत दोघे. जीपवाल्याने त्यांच्या पिशव्या उचललेल्याच होत्या. मी त्यांना म्हटले, आमच्याकडे पंखा नाही, पाणी विहिरीचे आहे, तुम्हीच काढायचे, मासे आज आहेत, उद्याचे सांगता येत नाही. आणि किती पडतील तेही तिथेच, रस्त्यावर, सांगितले. दोघांनी एकमेकांकडे बघितले आणि पिशव्या परत घेतल्या.

रात्री ती दोघे सुलूच्या खोलीत झोपली. सकाळी मी उठले तर बाई दाराबाहेर खुर्ची काढून, आतला केर काढत होत्या. मी नको म्हटले नाही. त्यांनी मला विचारले, "आजी, ही खोली कोणाची?" मी म्हटले, माझ्या नणंदेची, महिना झाला जाऊन. त्या केरसुणी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव काय त्यांचे?" इतक्या दिवसांत मला तिचे नाव कोणी विचारले नव्हते. सगळ्यांना ते ठाऊकच होते, नाहीतर नको होते. मी सांगितले, सुलोचना.

तेवढ्यात जीप येऊन आमच्या बेड्यापुढे, म्हणजे अंगणाच्या फाटकापुढे, उभी राहिली आणि भोंगा वाजवायला लागली. लॉजवर रापण दहाला लागणार होती, पाहुण्यांना घेऊन ये असे शेठने सांगून पाठवले होते. दिगू कपडे करून जायच्या तयारीत अंगणात उभा. त्याने माझ्याकडे बघितले. "आये, तेका काय सांगू?" मला माहीत होते की तो रापणीला जाणार, आजही आणि उद्याही, त्याला पोरे आहेत. मी चुलीजवळून उठलेसुद्धा नाही. म्हटले, "सांग तेका, हे पावणे आमचे आसत." तो बेड्याकडे गेला, आणि भोंगा बंद झाला.